उसाची नोंद आहे, अंगाची नोंद कुठे?



लागण झाली की आपण गट ऑफिसची वाट धरतो. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, सगळे वहीत चढवून घेतो. नोंद नीट झाली नाही तर तोड वेळेवर येणार नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. चिटबॉय दोन दिवस उशिरा आला तर आपण कारखान्यावर येऊन भांडतो. काट्याची पावती जपून ठेवतो आणि वजनात थोडा फरक वाटला तरी जाब विचारतो. हे योग्यच आहे. घामाचा माल आहे, हिशेब चोख हवाच.

पण त्याच सभासदाला विचारा, "मागच्या खेपेला बीपी किती होतं?" उत्तर येते, "डॉक्टर म्हणाले, जरा जास्त आहे." किती जास्त? "ते काय ध्यानात नाही." गोळी कोणती चालू आहे? "पांढरी. बारकी." कागद कुठाय? "असंल घरात कुठंतरी." म्हणजे उसाच्या सरीसरीची नोंद आहे, आणि ज्या अंगाच्या जोरावर तो ऊस उभा राहिला त्या अंगाची नोंद नाही. या विषयावर आज आम्हांला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. कुणाला लागले तर राग मानू नये.

चिंचोळी एमआयडीसीच्या शिवेला लागून असलेल्या एका गावातले आपले एक सभासद. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले की आपण "ते त्यांचं झालं" म्हणून मोकळे होतो. वय साठीच्या आतले, कष्टाळू माणूस, व्यसन नाही. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्यासाठी दवाखान्यात गेले असता रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली. पाच-सहा महिने घेतली. डोके दुखायचे थांबले, बरे वाटू लागले, गोळी बंद केली. घरच्यांनी विचारले तर म्हणाले, "बरा झालोय, उगं कशाला सवय लावून घ्यायची?" पुढे ऐन हंगामात, रात्रीची लाईट होती म्हणून दारे धरायला गेले आणि बांधावरच डावे अंग लुळे पडले. पोरगा एमआयडीसीत रात्रपाळीला. पहाटे शेजाऱ्याला दिसले. गाडी मिळवून सोलापूरला न्यायला आणखी वेळ गेला.

तिथल्या डॉक्टरांनी पहिले दोन प्रश्न विचारले. झटका किती वाजता आला? आणि आधी कोणती औषधे चालू होती? पहिल्याचे उत्तर कुणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्याचे उत्तर होते "पांढरी गोळी." मेंदूत गुठळी अडकून लकवा झाला असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही माणूस त्यासाठी योग्य असेल तरच. ती वेळ केव्हाच निघून गेली होती. जीव वाचला. हात मात्र गेला. उसाचे बिल दवाखान्यात गेले आणि वर सोसायटीचे कर्ज तसेच राहिले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मामी एवढेच म्हणाल्या, "भाऊ, गोळी चार रुपयांची होती हो."

त्या वाक्याने आम्हांला हा लेख लिहायला लावला.

आपल्याकडे म्हण आहे की दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. रक्तदाब आणि साखर या दोन दुखण्यांचे उलटे आहे. ती मुंगीच्या पावलाने येतात. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, खोकला नाही. म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. गेला आणि गोळीने बरे वाटले की त्याला वाटते, रोग गेला. रोग गेलेला नसतो, गोळीने दाबून धरलेला असतो. पाण्याच्या पाळीवर ऊस हिरवा दिसतो म्हणून कुणी "आता पाणी बंद" म्हणत नाही. मग गोळीच्या पाळीला तेवढा मान का नसावा?

आता आपण दवाखान्यात जातो तरी कशासाठी, हे प्रामाणिकपणे पाहू. बहुतेक वेळा तीन गोष्टींसाठी: सुई, सलाईन आणि दाखला. डॉक्टरने नुसते तपासून, चार गोष्टी समजावून, दोन गोळ्या दिल्या तर आपण बाहेर येऊन म्हणतो, "ह्याच्यात काय दम नाही, सुईसुद्धा मारली नाही." आणि जो आल्याआल्या बाटली लावतो तो हुशार! अहो, त्या बाटलीत असते काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज. साखर कारखान्याच्या सभासदाने २५ ग्रॅम गोडासाठी हाताची शीर टोचून घ्यावी आणि वर शेकड्यांत पैसे मोजावेत, याला काय म्हणावे? जुलाब-उलट्यांनी माणूस गळून गेला, तोंडाने पाणी टिकत नाही, तिथे सलाईन जीव वाचवते. पण अंग मोडून आले, थकवा आला म्हणून बाटली लावणे म्हणजे खताची गरज नसताना पोत्यावर पोती ओतणे. शिवाय मधुमेहाच्या माणसाला ग्लुकोजची बाटली लावली तर साखर आणखी चढते, ते वेगळेच.

दुसरी सवय मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेण्याची. फवारणी करून, मोळ्या वाहून कंबर दुखते. आपण दुकानात जातो आणि "दुखण्याची दे दोन" म्हणतो. अशा वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर किडनीवर परिणाम होतो, आणि अंगात रक्तदाब किंवा साखर असेल तर धोका आणखी वाढतो. पुढे डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीन वेळा शहर गाठायची वेळ आली की शेती कोण बघणार?

मग दवाखाना रोजच्या वापरात कसा आणावा? आपल्या भागात सोय नाही असे आपण सरसकट म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. सरकारी नियमाप्रमाणे सपाटीच्या भागात साधारण ५ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. उपकेंद्रात ३० वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातली साखर विनामूल्य तपासण्याचा कार्यक्रम आहे. गोळ्याही तिथून मिळतात. बाळाचे लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, टीबीची औषधे हे सगळे त्याच छपराखाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्यात आले, केसपेपरचे पैसेही माफ झाले. (सोलापूरचे सिव्हिल हे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथली व्यवस्था वेगळ्या खात्याकडे आहे, हे लक्षात ठेवावे.) पण आपल्यातल्या किती जणांना आपल्या उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेचे नाव माहीत आहे? ती आपल्या दारावरून जाते तेव्हा आपण "पोलिओवाली बाई आली" म्हणतो आणि आत जातो.

काही जण म्हणतील, आम्हांला मोठी योजना आहे, कार्ड आहे, मग बारक्या दवाखान्यात कशाला? योजनेबद्दल आम्हांला आदरच आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्यात आली. मोठी गोष्ट आहे. पण ही योजना माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. रोजची गोळी, महिन्याची तपासणी तिच्यात येत नाही. थोडक्यात, पडल्यावर उचलायला योजना आहे. पडू नये यासाठी गावचा दवाखानाच लागतो.

चिंचोळीच्या कारखान्यांत आपल्या सभासदांची शेकड्यांनी पोरे कामाला आहेत. कापड, रसायने, औषधांचा कच्चा माल, नाना तऱ्हेचे उद्योग तिथे आहेत. त्यांच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जाते. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असा ठरला. २०१७ साली पगाराची मर्यादा २१ हजार रुपये करण्यात आली. या विम्यात कामगाराबरोबर त्याची बायको, मुले आणि नियमात बसत असतील तर त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. आणि इथे मोठ्या रुग्णालयाबरोबर रोजचा दवाखाना, रोजची औषधेसुद्धा मिळतात. आपला साखर कारखाना हंगामी म्हणून या विम्याच्या बाहेर राहतो, पण चिंचोळीतले बारमाही कारखाने आत आहेत. तरी घरोघर काय दिसते? पोराचे विम्याचे कार्ड पत्र्याच्या पेटीत आणि म्हातारा बाप खाजगीत पैसे मोजतोय! पोरांनी एकदा रजेच्या दिवशी आई-बापांची नावे कार्डावर चढली आहेत की नाहीत ते बघावे. पगार कापला जातो तो दान म्हणून नव्हे.

हंगामात आपल्या फडात येणाऱ्या टोळ्यांचाही विचार इथेच केला पाहिजे. बीड, आष्टी, पाटोदा, जामखेड इकडून माणसे येतात, पाच-सहा महिने खोपीत राहतात. त्यांतली बाई गरोदर असली तर तिचे माता-बाल कार्ड तिच्याबरोबर असते, आणि इथल्या उपकेंद्रात तिची तपासणी व बाळाची लस व्हायला गावाची अडचण नसते. पण तिला उपकेंद्र कुठे आहे हेच ठाऊक नसते, आणि एक दिवस गेला तर खाडा पडतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळी बायकांनी सांगितलेल्या कारणांत खाड्याची धास्ती हे एक कारण होते. किरकोळ दुखण्याला वेळेवर जवळचा दवाखाना मिळाला नाही की गोष्ट पोटावर सुरी चालवण्यापर्यंत जाते. आपला ऊस त्या बाईच्या कोयत्याने कारखान्यात येतो. तिला उपकेंद्राची वाट दाखवणे हे उपकार नाहीत, आपले कामच आहे.

जामखेडचे नाव निघाले म्हणून सांगतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली त्या दुष्काळी भागात जाऊन बसले. मोठे यंत्र नाही, मोठी इमारत नाही. त्यांनी गावोगावच्या बायका, त्यांतल्या कित्येक अक्षरशत्रू, निवडून शिकवल्या. गरोदर बाईवर लक्ष ठेवणे, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी देणे, वेळ ओळखून डॉक्टरकडे पाठवणे, ही कामे त्या बायकांनी केली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीची माणसे जामखेड बघायला येऊ लागली. आज गावात जी आशाताई दिसते, ती पद्धत देशभर २००५ नंतर आली. जामखेडने तिची वाट कितीतरी आधी दाखवली होती. आपल्याच कोरडवाहू शेजाऱ्याने जगाला शिकवलेला धडा आपण बागायतदारांनी विसरावा, हे बरे दिसत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सभासद म्हणतील, सगळा दोष आमच्याच माथी. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर जागेवर नसणे, औषध संपलेले असणे, सेविकेवर चार गावांचा भार असणे, हे अनुभव आपल्या सगळ्यांना आहेत आणि आम्हांलाही आले आहेत. रात्री दारे धरून सकाळी डोळा लागलेल्या शेतकऱ्याला सकाळचीच ओपीडी सोयीची नसते. शिफ्टवाल्या पोराचेही तेच. हे बदलले पाहिजे. पण बदलायला आधी वापर वाढावा लागतो. ज्या उपकेंद्रात दिवसाला चार माणसे जातात तिथे औषधाचा साठा वाढवून द्या म्हणून कुठल्या तोंडाने मागणार? गावाने वापर केला, रजिस्टरला नावे चढली, की ग्रामसभेत मागणी करायला जोर येतो. कारखान्यात ऊस आला तरच गाळप वाढते, तसेच हे आहे.

आमचे म्हणणे पाच गोष्टींत सांगतो.

पहिली: एक वही करा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दोन पाने. कधी गेलो, बीपी किती, साखर किती, गोळीचे नाव, पुढची तारीख. सगळे जुने कागद, रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत. वही लिहायला शाळेतली पोरगी पुरेशी आहे.

दुसरी: डॉक्टर सारखा बदलू नका. सरकारी असो वा खाजगी, नोंदणी असलेला, जवळचा, एक ठरवा. दर खेपेला नवा डॉक्टर म्हणजे दर खेपेला नव्याने मशागत. दुसऱ्याचे मत घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण वही घेऊन जा.

तिसरी: गोळी संपायच्या आधी आठ दिवस जा, संपल्यावर नव्हे. जाताना रिकामे पाकीट बरोबर न्या, म्हणजे "पांढरी, बारकी" म्हणायची पाळी येणार नाही. गोळी सोसत नसेल, पाय सुजत असतील, चक्कर येत असेल तर मनाने बंद न करता डॉक्टरला सांगा. गोळ्या बदलून मिळतात.

चौथी: रक्त तपासले की रिपोर्ट आणायला जा आणि आकडा विचारा. "नॉर्मल हाय का?" एवढ्यावर भागवू नका. उताऱ्यावरचा आकडा विचारतो तसा हा आकडाही विचारा. बीपी साधारण १४० वर ९० च्या खाली राहिले पाहिजे. तुमच्यासाठी नेमके किती हवे ते डॉक्टर सांगतील.

पाचवी: साप चावला, तोंड वाकडे झाले, हातातली शक्ती गेली, छातीत कळ आली तर गावठी उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा. राज्यात ही गाडी २०१४ पासून धावते आहे. वेळ किती वाजताची ते लिहून ठेवा आणि ती वही गाडीत टाका. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, लगेच दवाखाना गाठा आणि ठरलेल्या तारखांची सगळी इंजेक्शने पुरी करा. दोन घेऊन सोडू नका.

शेवटी संचालक मंडळाकडे आमची एक मागणी. दिवाळीला सभासदांना साखर मिळते. यंदा त्या साखरेबरोबर प्रत्येक कुटुंबाला एक आरोग्य वही द्यावी. कागद, छपाई, फार मोठा खर्च नाही. पहिल्या पानावर आपल्या गटातल्या उपकेंद्राचा पत्ता, आरोग्य सेविका व आशाताईंशी कुठे गाठ पडेल ते, आणि १०८ हा नंबर ठळक छापावा. गट ऑफिसात महिन्यातून एक संध्याकाळ, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाशी बोलून, बीपी-साखर तपासणी ठेवावी. ऊस नोंदवायला आलेला सभासद तिथेच हात पुढे करील. तोडणीच्या टोळ्या उतरल्या की मुकादमाकडून गरोदर बायका आणि लहान पोरांची यादी घेऊन ती उपकेंद्राला द्यावी, आणि तपासणीच्या दिवशी खाडा धरू नये. वार्षिक सभेत आम्ही हा विषय मांडणार आहोत. सभासदांनी हात वर करावेत अशी विनंती आहे.

सहकाराने आपल्याला एक गोष्ट शिकवली: नोंद असेल तर हक्क सांगता येतो. वजनाची पावती असेल तर बिल मागता येते. तीच रीत अंगाला लावा. यंदा साखर घरी न्याल तेव्हा म्हाताऱ्या आई-बापाला विचारा, "गोळी घेतली का?" आणि त्यांनी तुम्हांला उलट विचारले तर खोटे बोलू नका.

जय सहकार!